चिपळूणचा घाम, सांगलीचा वळीव

एप्रिलच्या दुपारी सांगलीत पारा चाळिशीला टेकतो, तेव्हा रत्नागिरीत तो बहुधा तेहेतीस-चौतीसवरच असतो. नुसते आकडे वाचले तर रत्नागिरीकर सुखी वाटतात. पण कराडहून कुंभार्ली घाट उतरून चिपळूणला लग्नाला जाऊन आलेल्या माणसाला विचारा. मांडवात बसवत नव्हतं, सदरा पाठीला चिकटला होता, पंख्याखालीही घाम थांबत नव्हता, आणि परतताना घाटमाथा गाठला तेव्हा कुठे जिवात जीव आला, असं तो सांगेल. सांगलीचं ऊन भाजतं, पण लिंबाच्या सावलीत गेलं की सुटका होते. कोकणात सावलीतही सुटका नाही.

हा फरक हवेतल्या पाण्याच्या वाफेमुळे पडतो. मला सांगायचं आहे ते त्याच्याही पुढचं. चिपळूणला माणसाला हैराण करणारी हीच वाफ घाट चढून आपल्याकडे, सातारा-सांगलीकडे, आली की तिचा वळीव होतो. उकाडा आणि गडगडाट या दोन वेगळ्या गोष्टी नाहीत. आपण मात्र बातम्यांत फक्त पारा बघतो आणि वाफेचा आकडा वाचायचा सोडून देतो. उन्हाळ्याची निम्मी गोष्ट त्यामुळे आपल्याला कळतच नाही.

चाळीस अंश तापमान आणि वीस टक्के आर्द्रता, ही सांगली-मिरजेकडची एप्रिलची नेहमीची दुपार धरू. या हवेच्या एका घनमीटरमध्ये, म्हणजे एक मीटर लांब, तेवढ्याच रुंद आणि उंच जागेत, सुमारे १० ग्रॅम वाफ असते. कोकणपट्टीतली चौतीस अंश आणि पासष्ट टक्के आर्द्रतेची दुपार घेतली तर तेवढ्याच जागेत सुमारे २४ ग्रॅम वाफ भरते. तापमान सहा अंशांनी कमी, पण पाणी अडीचपटीच्या जवळ.

इथे आर्द्रतेच्या टक्क्यांनी गोंधळ होतो, तो आधी निस्तरायला हवा. हे टक्के हवेत किती वाफ आहे ते सांगत नाहीत. त्या तापमानाला जास्तीत जास्त जेवढी वाफ मावू शकते तिचा किती हिस्सा भरला आहे, एवढंच ते सांगतात. आणि हवा तापली की मावणारी वाफ झपाट्याने वाढते. २० अंशांना घनमीटरमध्ये जेमतेम १७ ग्रॅम मावते, ३० अंशांना ३० ग्रॅम, तर ४० अंशांना ५१. म्हणून सांगलीत सकाळी सहाला २१ अंशांवर आर्द्रता ६५ टक्के दिसते आणि दुपारी ४० अंश झाले की ती २२ टक्क्यांवर येते. मधल्या वेळात वाफ कुठे गेली नाही, जेवढी होती तेवढीच आहे. सकाळची आर्द्रता ८० टक्के वाचून ‘आज फार दमट आहे’ म्हणणं म्हणूनच चुकीचं ठरतं.

त्यापेक्षा भरवशाचा आकडा म्हणजे दवबिंदू. हवा थंड करत नेली तर ज्या तापमानाला तिच्यातल्या वाफेचं पाणी व्हायला लागेल, ते तापमान. वर धरलेल्या सांगलीच्या दुपारी तो १३ अंशांच्या आसपास येतो, कोकणच्या दुपारी २६ च्या वर. तो दिवसभरात तापमानासारखा वरखाली उड्या मारत नाही, म्हणून हवेतलं पाणी ओळखायला बरा. दवबिंदू पंधराच्या आत असेल तर हवा कोरडी वाटते, विसाच्या वर गेला की चिकचिक सुरू होते, आणि चोविसाच्या वर बसल्या जागी घामाच्या धारा लागतात. मोबाइलवरच्या हवामानाच्या बऱ्याच अॅपमध्ये हा आकडा दिलेला असतो, कुठेतरी खाली, वाऱ्याच्या वेगाशेजारी. उन्हाळ्यात तो रोज बघावा असं मी आग्रहाने सांगेन.

आता शरीराचं. आपल्या आतलं तापमान ३७ अंश, कातडीचं ३५ च्या आसपास. भोवतालची हवा ३५ च्या खाली असते तोवर शरीरातली उष्णता आपोआप बाहेर जाते. त्याच्यावर गेली की उलटा प्रवास सुरू होतो, हवाच आपल्याला तापवू लागते. मग शरीराच्या हाती एकच उपाय उरतो, घाम. एक लिटर घाम अंगावर सुकला तर तो सुमारे २४०० किलोज्यूल उष्णता घेऊन जातो. पण सुकला तरच! टपटप गळून जमिनीवर पडलेला घाम शरीरातलं पाणी आणि मीठ तेवढं नेतो, थंडावा देत नाही. कोरड्या हवेत घाम आल्या आल्या सुकतो, म्हणून सांगलीत भर उन्हात काम करणाऱ्याला आपल्याला किती घाम येतोय ते कळतही नाही, संध्याकाळी सदऱ्यावर मिठाचे पांढरे डाग दिसतात तेवढेच. कोकणातल्या हवेत आधीच इतकी वाफ असते की आणखी घ्यायला ती तयार नसते. घाम अंगावरच राहतो आणि शरीर आणखी घाम सोडत राहतं.

हे मोजायची एक साधी रीत आहे. थर्मामीटरच्या टोकाला ओलं फडकं गुंडाळून त्यावर वारा घालायचा. फडक्यातलं पाणी सुकत जातं तसा पारा उतरतो आणि एका ठिकाणी थांबतो. घाम सुकवून कातडी फार तर किती थंड करता येईल, ती मर्यादा म्हणजे हा आकडा. सांगलीच्या ४० अंशांच्या कोरड्या दुपारी तो २२ च्या जवळ येतो. कोकणच्या ३४ अंशांच्या दमट दुपारी २८ वर थांबतो. कराडहून चिपळूणला गेलेल्या माणसाची सगळी तक्रार या सहा अंशांत आहे. २०१० साली संशोधकांनी हिशेब मांडला की हे ओल्या फडक्याचं तापमान ३५ अंशांवर पोचलं आणि तसंच राहिलं, तर सावलीत, वाऱ्यात, पाणी पीत बसलेला धडधाकट माणूसही काही तासांपलीकडे जगू शकणार नाही. पुढे तरुण, निरोगी माणसांवर प्रयोगशाळेत चाचण्या झाल्या तेव्हा दमट हवेत शरीराचा तोल त्याच्या बराच आधी, ३०-३१ अंशांच्या आसपासच, सुटू लागतो असं दिसलं. म्हातारी माणसं, लहान मुलं, मधुमेह किंवा हृदयविकार असलेली माणसं यांची मर्यादा त्याहूनही खाली.

म्हणूनच हवामान खात्याने उष्णतेच्या लाटेची कसोटी सगळीकडे एकच ठेवलेली नाही. मैदानी भागात कमाल तापमान निदान ४० अंश असावं लागतं, किनारपट्टीवर ३७ आणि डोंगरी भागात ३० अंशच पुरतात. त्याशिवाय ते सरासरीपेक्षा साडेचार अंशांनी तरी जास्त हवं. १६ एप्रिल २०२३ ला खारघरच्या मैदानावर भर उन्हात झालेल्या कार्यक्रमात उष्माघाताने चौदा माणसं गेली. त्या दिवशी पारा चाळिशीच्या आतच होता. आपल्याकडच्या सवयीने ‘अडतीस म्हणजे काहीच नाही’ म्हणणाऱ्याने ही गोष्ट लक्षात ठेवावी. सातारा-सांगलीचा माणूस उन्हाला सरावलेला असतो तो कोरड्या उन्हाला. दमट हवेचा सराव व्हायला शरीराला एक-दोन आठवडे लागतात. मे महिन्यात मुंबई, पनवेल किंवा गुहागरकडे कामाला जाणाऱ्याने पहिले काही दिवस दुपारचं जड काम टाळलेलं बरं. कुणी उन्हात बरळायला लागला, तोल जाऊ लागला, अंग चटका बसावा इतकं तापलं, तर तो उष्माघात समजायचा आणि दवाखान्याची वाट बघत थांबायचं नाही. सावलीत आणून अंगभर पाणी ओतायचं, वारा घालायचा, काखेत आणि मानेला बर्फ लावायचा. शुद्ध हरपलेल्या माणसाच्या तोंडात पाणी घालू नये.

आपल्या भागाचा एक मोठा धंदा याच कोरड्या हवेवर उभा आहे, तो म्हणजे बेदाणा. तासगाव, कवठेमहांकाळ, जत, मिरजेचा पूर्व भाग, इकडे फेब्रुवारी ते एप्रिल माळरानावर शेड दिसतात. द्राक्षं डिपिंग ऑइल आणि पोटॅशियम कार्बोनेटच्या द्रावणात बुडवून जाळीच्या रॅकवर पसरतात आणि सावलीतच पंधरा-एक दिवसांत त्यांचा बेदाणा होतो. ऊन लागत नाही तरी द्राक्ष सुकतं, कारण हवेत घनमीटरमागे आणखी तीस-चाळीस ग्रॅम वाफ सामावायची जागा असते. कोकणात असं शेड घातलं तर द्राक्षाला बुरशी धरेल. आपल्याकडेही चार दिवस ढगाळ, दमट गेले की बेदाणा काळा पडतो, चिकट होतो, दर उतरतो. शेडवाल्याला पावसाच्या थेंबाआधी हवेतल्या ओलाव्याची धास्ती असते, ती यासाठी.

माठाचंही तसंच. माठातलं पाणी झिरपतं, सुकतं आणि ओल्या फडक्याच्या तापमानाच्या दिशेने उतरत जातं. सांगलीच्या माठातलं पाणी तेवीस-चोवीसवर येतं, रत्नागिरीच्या माठातलं एकोणतीसवर अडतं. पाण्याचा कुलरही याच नियमाने चालतो. आणि त्यातून घरबसल्या अंदाज बांधता येतो. मार्चभर छान चाललेला कुलर एखाद्या दिवशी चालूनही चिकचिक होत असेल, माठाचं पाणी गार लागत नसेल, दोरीवरचे कपडे रोजच्या वेळेत वाळत नसतील, तर हवेत बाहेरून वाफ आलेली आहे. त्या दिवशी दुपारी तीननंतर आभाळाकडे लक्ष ठेवावं.

ही वाफ येते कुठून?

एप्रिल-मे महिन्यांत कोकणाजवळच्या अरबी समुद्राच्या पृष्ठभागाचं पाणी २९-३० अंशांपर्यंत तापलेलं असतं आणि त्यावरून सतत वाफ उठत असते. सकाळी ऊन चढलं की जमीन समुद्रापेक्षा लवकर तापते, तिच्यावरची हवा हलकी होऊन वर जाते आणि तिच्या जागी समुद्रावरची हवा आत येते. हाच खारा वारा. दुपारपर्यंत तो सह्याद्रीच्या पायथ्याला पोचतो आणि खिंडीखिंडींतून वर चढतो. कराड, पाटण, साताऱ्याकडे दुपार कलल्यावर पश्चिमेकडून वारा सुटतो आणि जरा बरं वाटतं, त्यात या समुद्राच्या वाऱ्याचा मोठा वाटा असतो.

मग प्रश्न पडतो, एवढी वाफ कोकणात आहे तर एप्रिलमध्ये रोज गडगडाट कोकणातच का होत नाही? मला या सगळ्या विषयातला हा सर्वांत सुंदर भाग वाटतो. समुद्रावरून येणारी दमट हवा जमिनीलगतच्या थोड्या जाडीत असते आणि जमिनीच्या मानाने ती गार असते. तिच्या वर कोरडी, उबदार हवा बसलेली असते. गार हवा खाली आणि उबदार वर, ही मांडणी स्थिर असते. खालची दमट हवा वर उठू बघते, पण वरच्या उबदार थराला लागली की भोवतालापेक्षा जड ठरते आणि परत खाली येते. भाताच्या पातेल्यावर झाकण ठेवावं तसं हे आहे, आत वाफ कोंडलेली आणि वर रस्ता बंद. कोकणातला माणूस त्या झाकणाखाली उकडत राहतो.

झाकण उघडायला तीन गोष्टी कामी येतात. पहिली सह्याद्री. हवा घाटाला टेकून वर ढकलली जाते आणि झाकण ओलांडते. दुसरी, घाटावरची तापलेली जमीन. सांगली समुद्रसपाटीपासून साधारण साडेपाचशे मीटरवर आहे, काळी रानं नांगरून उघडी पडलेली असतात आणि दुपारी जमिनीलगतची हवा इतकी तापते की ती तीन-चार किलोमीटरपर्यंत घुसळून निघते. तिसरी, वाऱ्यांची गाठ. उन्हाळ्याच्या उत्तरार्धात दख्खनवर एक पट्टा तयार होतो. त्याच्या पश्चिमेला अरबी समुद्राकडून वायव्येचे वारे येत असतात, पूर्वेला बंगालच्या उपसागराकडून आग्नेयेचे. दोन्हीकडून हवा येऊन भिडली की तिला वर जाण्यावाचून वाट राहत नाही. ‘मराठवाड्यापासून दक्षिण कर्नाटकापर्यंत वाऱ्यांची खंडित स्थिती’ असं वाक्य बातमीत दिसलं तर हाच पट्टा समजावा. तो सरकत सोलापूर-सांगली-बेळगावच्या बाजूला आला की आपल्याकडे वळवाचे दिवस सुरू होतात. पश्चिमेचा मान्सून येतो तो मावळतीकडून, वळवाचं आभाळ मात्र पुष्कळदा उगवतीकडून भरून येतं, त्याचं कारण वरच्या थरातल्या या पूर्वेच्या वाऱ्यांत आहे. असंच पूर्वेचं वारं जोरात असलं तर घाटावर तयार झालेले ढग संध्याकाळी कोकणात उतरतात. मेच्या अखेरीला आणि ऑक्टोबरात चिपळूण, खेडकडे कडाडून पाऊस होतो तो बऱ्याचदा असा.

ढगाचा तळ किती उंचीवर असेल याचा एक सोपा हिशेब आहे. दुपारच्या तापमानातून दवबिंदू वजा करा आणि उरलेल्या आकड्याला १२५ ने गुणा. उत्तर मीटरमध्ये. सांगलीच्या कोरड्या दुपारी ४० वजा १३, म्हणजे २७, गुणिले १२५, जवळजवळ ३४०० मीटर. एवढ्या उंचीवर तयार झालेल्या ढगातला पाऊस खाली येता येता वाटेतच सुकतो. माण, खटाव, आटपाडीकडे लोकांनी हे कितीदा पाहिलं आहे. ढगाखाली पावसाचे झालर लटकल्यासारखे पट्टे दिसतात, पण रानात थेंब नाही, नुसता वारा आणि फुफाटा. तेच दवबिंदू वीस अंशांवर गेला आणि तापमान अडतीस असलं, तर तळ २२५० मीटरवर येतो आणि पाऊस जमिनीपर्यंत पोचतो.

एकदा हवा ढगाच्या तळाच्या वर गेली की तिच्यातल्या वाफेचं पाणी व्हायला लागतं, आणि वाफ होताना जेवढी उष्णता लागली होती तेवढी परत सुटते. आपल्या अंगावरचा घाम सुकताना जी उष्णता घेतो तीच ही, फक्त उलट दिशेने. या उष्णतेने ढगातली हवा भोवतालापेक्षा उबदार राहते, आणखी वर उठते, आणखी वाफेचं पाणी होतं. वळवाचा ढग असा स्वतःलाच चढवत नेतो, बारा-पंधरा किलोमीटरपर्यंत. सोडलेली उष्णता किती असते? एक किलो पाणी तयार होताना सुमारे ०.७ युनिट विजेएवढी. दहा चौरस किलोमीटरवर, म्हणजे चार-दोन गावांच्या शिवारात, २० मिलिमीटर वळीव पडला तर ते वीस कोटी लिटर पाणी झालं. त्याच्याबरोबर सुटलेली उष्णता चौदा कोटी युनिटच्या घरात जाते. कोयनेच्या जलविद्युत प्रकल्पाची क्षमता १९६० मेगावॉट आहे. तो पूर्ण क्षमतेने तीन दिवस अखंड चालवला तर एवढी वीज तयार होईल. आणि वळीव हे तासाभरात उरकतो.

ढग पाच किलोमीटरच्या वर गेला की तापमान शून्याखाली येतं. तिथे पाण्याचे थेंब, बर्फाचे हलके स्फटिक आणि मऊ गारांचे जड कण एकत्र घुसळले जातात. टकरीत हलक्या स्फटिकांवर धन भार येतो आणि ते वर जातात, जड कणांवर ऋण भार येतो आणि ते मधल्या थरात राहतात. हा भार साठत गेला की वीज कडाडते. विजेच्या वाटेतली हवा क्षणार्धात ३०,००० अंशांच्या घरात तापते, स्फोटासारखी पसरते, तो गडगडाट. जुलैत महाबळेश्वरला दिवसदिवस पाऊस कोसळतो, वर्षाला साडेपाच हजार मिलिमीटरच्या वर, पण विजा फारशा नसतात. कारण तिथले मान्सूनचे ढग बहुधा ठेंगणे असतात, बर्फाच्या थरात फार वर चढत नाहीत. वळीव वीसच मिलिमीटर देईल, पण बर्फाच्या प्रदेशातून येईल. या ढगांचा अभ्यास आपल्याच सातारा जिल्ह्यात चालतो, हे फार थोड्यांना माहीत आहे. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेने महाबळेश्वरला ढगांच्या अभ्यासाची प्रयोगशाळा उभारली आहे आणि वाईजवळ मांढरदेवच्या डोंगरावरही ढग न्याहाळणारा रडार बसवला.

गारा याच उभ्या वाऱ्याने बनतात. कण वर फेकला जातो, त्याच्यावर अतिथंड, म्हणजे शून्याखालीही पातळच राहिलेलं, पाणी गोठत जातं, आणि वजन वाऱ्याला झेपेनासं झालं की खाली पडतो. मेपेक्षा फेब्रुवारी-मार्चच्या गारपिटीची धास्ती जास्त, कारण तेव्हा शून्य अंशांचा थर खाली असतो आणि गारेला वाटेत वितळायला वेळ मिळत नाही. २०१४ च्या फेब्रुवारीच्या अखेरीपासून मार्चच्या मध्यापर्यंत महाराष्ट्रात झालेली गारपीट अशाच दिवसांतली. द्राक्षाचा घड वेलीवर पक्व असतो तोच हा काळ, यासारखं दुर्दैव नाही.

पावसाआधीचा सोसाट्याचा वारा कुठून येतो तेही समजून घेण्यासारखं आहे. पडणारा पाऊस ढगाखालच्या कोरड्या हवेत सुकत येतो, हवेला थंड करतो, थंड हवा जड होऊन खाली आदळते आणि जमिनीवर चारी बाजूंना पसरते. हवा जितकी कोरडी तितका हा मार मोठा. म्हणून पाऊस चार थेंब पडतो आणि शेडचे पत्रे मात्र शेजारच्या रानात जाऊन पडतात, केळी मोडतात, उभा ऊस आडवा होतो. पारा दहा मिनिटांत आठ-दहा अंशांनी उतरतो. ही पसरलेली गार हवा पुढच्या उबदार, दमट हवेखाली घुसून तिला वर उचलते आणि तिथे दुसरा ढग उभा राहतो. एक ढग विझताना पुढच्या गावात दुसरा पेटतो तो असा.

बैलाच्या एका शिंगावर वळीव पडतो आणि दुसरं कोरडं राहतं, असं जुनी माणसं सांगतात. खरंच आहे. वळवाचा एक ढग पाच-दहा किलोमीटर रुंदीचा आणि तास-दीड तास आयुष्याचा. नेमकी कुठल्या शिवारातली हवा आधी झाकण फोडेल, हे सकाळी कुणालाही सांगता येत नाही. सकाळी सांगता येतं ते एवढंच की आज वाफ आहे, तापमान आहे, वाऱ्यांची गाठ आहे. हवामान खातं ‘तुरळक ठिकाणी’ म्हणतं तेव्हा जिल्ह्यातल्या पर्जन्य नोंदणीच्या ठिकाणांपैकी जास्तीत जास्त पाव ठिकाणी पाऊस, असा त्याचा ठरलेला अर्थ आहे. ‘काही ठिकाणी’ म्हणजे पाव ते निम्म्या. म्हणजे ‘तुरळक’चा अंदाज अगदी बरोबर ठरला तरी चारातल्या तीन गावांत पाऊस नसतो. मिरजेत पडला नाही म्हणून अंदाज फसला असं होत नाही. नेमकं ठिकाण कळतं ते ढग उभा राहिल्यावर, रडारवरून, पुढच्या दोन-तीन तासांपुरतं. म्हणून सकाळचा अंदाज वाचून निर्धास्त होण्यापेक्षा दुपारी पुन्हा बघणं जास्त उपयोगाचं. बेदाण्याच्या शेडचे पडदे सोडायला किंवा वाळत घातलेली हळद झाकायला तेवढा वेळ पुरतो.

वळिवाला नुसतं नुकसान म्हणणं मला पटत नाही. जत, आटपाडी, माण या पर्जन्यछायेतल्या तालुक्यांत वर्षाचा पाऊस पाचशे मिलिमीटरच्या आसपास. तिथे मेमधल्या दोन चांगल्या वळवांनी नांगरटीची ढेकळं फुटतात, मेंढरांना हिरवा कोंब मिळतो, टँकरच्या खेपा कमी होतात. काळजी आहे ती वेगळी. हवेचं तापमान एका अंशाने वाढलं की तिच्यात मावणारी वाफ सुमारे सात टक्क्यांनी वाढते, आणि अरबी समुद्र तापत चालला आहे. जास्त वाफ म्हणजे कोकणात जास्त उकाडा आणि घाटावर ढगाला जास्त इंधन. जळण वाढलं की वळीव रोज पडेल असं नाही, पण पडेल तेव्हा जोरात पडण्याची शक्यता वाढते.

विजेबद्दल मात्र अजून गैरसमज फार आहेत आणि त्यात दरवर्षी माणसं जातात, बहुतेक रानात काम करणारी. पाऊस सुरू झाला नाही म्हणजे धोका नाही, ही त्यातली सर्वांत घातक समजूत. वीज ढगापासून दहा-पंधरा किलोमीटर दूरही पडते. आवाज एक किलोमीटर यायला तीन सेकंद घेतो. लखलखाट आणि गडगडाट यांच्यात तीस सेकंदांपेक्षा कमी अंतर असेल तर वीज दहा किलोमीटरच्या आत आहे, काम तिथेच सोडून पक्क्या घरात जायचं आणि शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास तरी बाहेर पडायचं नाही. झाडाखाली थांबायचं नाही, मग ते कितीही मोठं असो. झाडावर पडलेली वीज मुळांतून जमिनीत पसरते, दोन पायांत अंतर असेल तर एका पायातून शिरून दुसऱ्यातून बाहेर पडते. बांधावरच्या झाडाखाली बांधलेली जनावरं दगावतात ती बऱ्याचदा अशी. पुढच्या आणि मागच्या पायांत अंतर जास्त असल्यामुळे त्यांना हा धक्का जास्त बसतो. रानातली उघडी पत्र्याची शेड, विहिरीवरची मोटर, तारेचं कुंपण यांच्यापासूनही लांब राहायचं. काचा बंद केलेली मोटारगाडी चालते, दुचाकी आणि उघडा ट्रॅक्टर नाही. मोबाइल वीज ओढतो हे खरं नाही, उलट वर सांगितलेल्या पुण्याच्याच संस्थेचं ‘दामिनी’ अॅप त्यात असेल तर जवळपास विजा पडत असल्याचा इशारा मिळतो. आसराच नसेल तर खोलगट जागी, दोन्ही पाय जुळवून उकिडवं बसायचं, आडवं पडायचं नाही, आणि घोळका न करता एकमेकांपासून अंतर ठेवायचं.

वीज पडलेल्या माणसाला हात लावला तर आपल्यालाही झटका बसेल, या भीतीने लोक लांब उभे राहतात. त्याच्या अंगात वीज उरलेली नसते. बऱ्याच वेळा हृदय आणि श्वास थांबलेला असतो आणि पहिल्या काही मिनिटांत मदत मिळाली तर माणूस वाचू शकतो. श्वास चालू नसेल तर एकाने १०८ ला फोन करायचा आणि दुसऱ्याने छातीच्या मधोमध दोन्ही तळवे ठेवून मिनिटाला शंभर ते एकशेवीस वेळा जोराने दाबत राहायचं, रुग्णवाहिका येईपर्यंत.